बाईंची बाटली, धुऊन पुसून

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये पहिल्याच वर्षी मी चिनी काचेचा इतिहास शिकले, कारण केक सजवण्याच्या वर्गात जागा उरली नव्हती. इंग्रजीच्या वर्गातून मला परत पाठवलं. तुम्हाला येतंय की, म्हणाले. कॉम्प्युटरच्या वर्गाला वेटिंग लिस्ट होती. योगासनांना जायला मी तयार नव्हते. पुण्याहून इतक्या लांब येऊन गोऱ्या बाईकडून शवासन शिकायची वेळ अजून माझ्यावर आली नव्हती. उरली ती हॉलच्या नोटीस बोर्डावरची एक पिवळी चिठ्ठी: चिनी शोभेची काच, दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. नवरा वर्क परमिटवर होता आणि मी नवऱ्यावर. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि सत्तर मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करायचे. इथे गप्प करायला कोणीच नव्हतं, त्यामुळे माझा राग भांड्यांवर निघायचा. नवरा म्हणाला, कशालाही जा, पण जा.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, आणि हिवाळा असो की उन्हाळा, एकाच करड्या कार्डिगनमधल्या. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. मला ते जमेना. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं नावाने कसं पुकारायचं? मनात मी त्यांना ‘बाई’च म्हणायचे, शाळेतल्यासारखं, आणि तोंडाने काहीच म्हणायचे नाही. काही विचारायचं असलं की त्यांचं लक्ष जाईपर्यंत हात वर करून बसायचे.

पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं की चिनी काचेचा सगळा इतिहास हा सोंगाचा इतिहास आहे. चीनमध्ये मान जेडला. हिरवा दगड, हाताला गार लागणारा. ज्याला जेड परवडत नसे त्याच्या थडग्यात काचेची चकती ठेवत, जेडसारखी दिसणारी. दोन हजार वर्षांपूर्वीपासून काच तिथे दुसऱ्या कुणाची तरी जागा भरून काढत आलेली. पुढे एका बादशहाने आपल्या राजवाड्यातच काचेचा कारखाना घातला. तिथे युरोपातले पाद्री आणि चीनमधल्याच शानतुंग प्रांतातले भट्टीवाले एकत्र राबत होते, आणि काय बनवत होते? पोवळ्यासारखी दिसणारी काच, अंबरसारखी दिसणारी काच आणि पुन्हा जेडसारखी दिसणारी काच. आरपार दिसणं हा काचेचा गुण आपण मानतो. तिथे एखादा तुकडा हातात घेऊन दरबाऱ्याला ती काच आहे हे कळलंच नाही, तर कारागिराने जिंकलं. बाई हे सांगताना चिडायच्या, जणू तो दरबारी मागच्या बाकावर बसला होता. त्यांचं हे चिडणं मला फार आवडलं. आपल्या विषयावर चिडणारं माणूस मला तिथे येऊन पहिल्यांदाच भेटत होतं.

अडचण एकच होती. हॉल एका छोट्या ट्रस्टचा होता आणि ट्रस्टचा नियम होता की हजेरीपटावर आठ नावं नसतील तर वर्ग बंद. आम्ही सात होतो. बाईंनी हे दुसऱ्या मंगळवारी सांगितलं, अगदी शांतपणे, फळा पुसता पुसता. वीस वर्षं त्या हा वर्ग घेत होत्या. घरी त्या एकट्या होत्या आणि मंगळवार सोडला तर आठवड्यात बोलायला त्यांना कोणी नव्हतं. हे त्यांनी सांगितलं नाही, पण बारा वाजून गेल्यावरही त्या ज्या सावकाशीने खुर्च्या लावायच्या त्यावरून कळायचं. एक निवृत्त बस ड्रायव्हर वर्गात होते. ते उघडपणे हॉलच्या हीटिंगसाठी यायचे. ते म्हणाले, माझ्या कुत्र्याचं नाव घाला, त्याचं नाव माणसासारखंच आहे. बाई क्षणभर विचारात पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा मी हात वर केला आणि सासूबाईंचं नाव दिलं.

सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. वय अडुसष्ट, इंग्रजी ‘थँक्यू’ आणि ‘बस स्टॉप’ एवढंच. फॉर्ममध्ये ‘भाषेची अडचण आहे का’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं. ‘काचेचा पूर्वानुभव’ या रकान्यात लिहिलं, साठ वर्षं काचेच्या बांगड्या. यातलं दुसरं तरी खरं होतं.

सासूबाईंना वर्ग आवडला. जरीच्या काठाची साडी, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि चपला अशा थाटात त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि बाई बोलत असल्या की मान डोलवायच्या. कीर्तनाला बसल्यासारख्या. बाईंचंही लक्ष हळूहळू त्यांच्याकडेच जायला लागलं. मान डोलवणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला नको असतो? भाषांतर मी करायचं असं ठरलं होतं. सुरुवातीला केलंही. चौथ्या आठवड्यानंतर कंटाळा आला. बाई दहा वाक्यं बोलल्या की मी सासूबाईंच्या कानात एक टाकायचे. पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर चढवून, जेड कोरणारे कारागीर तो चाकावर कोरून त्यातून कमळं कशी काढत, यावर बाई पाऊण तास बोलल्या. मी सांगितलं, ‘कोरीव काम आहे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘हो का,’ आणि मान डोलवली.

आता सासूबाईंचं एक गुपित सांगायला हवं. त्यांना तपकिरीची सवय होती. सकाळी आणि चारच्या चहाआधी त्या बाथरूममध्ये जायच्या, आतून दोन शिंका ऐकू यायच्या आणि बाहेर येऊन त्या म्हणायच्या, ‘इथली हवाच मेली अशी.’ चाळीस वर्षं घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि चाळीस वर्षं सगळे हवेला दोष देत होते. पुण्यातसुद्धा. पुण्याहून आणलेला साठा संपल्यावर त्यांनी बेलग्रेव्ह रोडवर कोणत्या तरी दुकानात, कोणाशी कसं बोलून कोण जाणे, नवीन मिळवली. ‘बस स्टॉप’ आणि ‘थँक्यू’च्या जोरावर.

आणि बाईंचा सगळ्यात आवडता विषय होता तपकिरीच्या बाटल्या. तपकीर चीनमध्ये युरोपातून आली. डबीत ती सादळायची, म्हणून तिथल्या लोकांनी बुचाच्या बाटल्या केल्या. बोटाएवढी बाटली, आणि बुचाला आतून चिकटवलेला इवलासा चमचा. बाईंकडे स्वतःची एक होती. एकोणीस वर्षांच्या असताना चर्चच्या जुन्या-पुराण्या सामानाच्या विक्रीत ती त्यांनी अत्तराची बाटली समजून उचलली होती. घरी येऊन खिडकीशी धरली तर आत नदी, नदीत होडी, होडीत म्हातारा कोळी, वर विलोच्या झाडाची झुकलेली फांदी. चित्र काचेवर बाहेरून नव्हतं, आतून होतं. हे कसं केलं असेल याचा शोध घेण्यात त्यांचं पुढचं आयुष्य गेलं. आम्हाला शिकवत होत्या ते सगळं त्या एका बाटलीतून निघालं होतं.

बाईंची एक पद्धत होती. काच कपाटात बघून कळत नाही, घरात वावरली की कळते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ती बाटली दर आठवड्याला एका विद्यार्थ्याच्या घरी जायची. पुढच्या मंगळवारी त्याने ती परत आणून, घरात तिच्याबरोबर काय झालं ते पाच मिनिटं सांगायचं. ड्रायव्हरसाहेबांनी ती टीव्हीवर ठेवून फुटबॉल पाहिला आणि त्यांच्या मते कोळ्याला तो सामना आवडला नाही. पटावर आम्ही शेवटच्या, म्हणून आमचा आठवडा शेवटचा. नवव्या मंगळवारी बाटली आमच्या घरी येणार आणि दहाव्या मंगळवारी, समारोपाला, ट्रस्टचा अधिकारी येणार. वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही ते तो ठरवणार होता. बाई म्हणाल्या, त्या दिवशी आपण त्याला कोळी दाखवू. कोळी पाहिल्यावर कुणीही नाही म्हणत नाही.

त्याच नवव्या मंगळवारी त्यांनी चित्र आतून कसं काढतात ते सांगितलं. काच आतून गुळगुळीत असते, तिच्यावर शाई ठरत नाही. म्हणून आधी बाटलीत लोखंडाची पूड, वाळू, पाणी घालून ती तासन् तास हलवायची. आतली बाजू खरखरीत झाली की टोकाशी वाकवलेली बारीक काडी किंवा केसांचा कुंचला बाटलीच्या तोंडातून आत घालायचा आणि उलटं चित्र काढायचं. कोळ्याचे डोळे आधी, नदी नंतर. एक चूक झाली की संपलं. बाईंनी रिकामा हात मुठीत धरून बाटली कशी हलवायची तेही करून दाखवलं, कितीतरी वेळ, डोळे मिटून. सासूबाई एकटक बघत होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं, काय म्हणतायत म्हणून. मी तेव्हा मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते.

‘आत वाळू घालून हलवतात,’ मी म्हटलं.

दहाव्या मंगळवारी आम्ही बसमध्ये बसलो. कापसात गुंडाळलेल्या बाटलीची लाकडी डबी सासूबाईंनी मांडीवर धरली होती. आठवडाभर मी त्या बाटलीला हातही लावला नव्हता. फुटली तर काय, या भीतीने ती सासूबाईंच्याच कपाटात ठेवली होती. आणि तेवढ्यात त्या समाधानाने म्हणाल्या, ‘धुऊन पुसून घेतलीय हो. अगं, केवढा मळ निघाला आतून! काळं पाणी नुसतं. तांदूळ आणि गरम पाणी घालून हलवली, बाई सांगत होत्या तशी. वाळू कुठे मिळायची इथे?’

मी डबी उघडली.

बाटली लखलखीत स्वच्छ होती. होडी नाही, नदी नाही, विलो नाही. कोळी नाही. आणि ती गळ्यापर्यंत तपकिरीने भरलेली होती.

‘रिकामं भांडं कसं परत करायचं कुणाचं?’ सासूबाई म्हणाल्या. ‘साखर घालणार होते, पण चमचा बघितला आणि कळलं ना कशाची आहे ते.’ मग खिडकीबाहेर बघत, ‘घरात होती थोडी. कुणीतरी ठेवलेली.’

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नव्हते. चित्र बाहेरून काढलेलं असतं असंच कोणीही समजेल. आतून धुतलं तर बाहेरच्या चित्राला काय होणार? आणि उजेडाशी न धरता लगेच तपकीर भरली, तर चित्र गेलेलं दिसणार तरी कसं? ते आतून असतं, एवढं एक वाक्य मी सांगितलं असतं तर पुरे होतं. उतरायला तीन स्टॉप होते आणि तिन्ही स्टॉपभर मी ठरवत होते की आत गेल्या गेल्या बाईंना बाजूला घ्यायचं आणि सगळं कबूल करायचं.

अधिकारी आधीच येऊन बसला होता. तिशीतला, टाय लावलेला, मांडीवर चौकटी-चौकटींचा कागद. बाईंनी त्या दिवशी कार्डिगनवर ब्रोच लावला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी डबी माझ्या हातून घेतली, कापूस बाजूला केला आणि सवयीने बाटली खिडकीकडे धरली.

बाई बाटलीकडे बघत होत्या, आम्ही बाईंकडे बघत होतो आणि अधिकारी कागदाकडे बघत होता. ब्रोच लावलेला तो कार्डिगन वर-खाली होताना दिसत होता. मग त्यांनी बूच उघडलं, चमचा बाहेर काढला, वास घेतला आणि विचारलं की हे काय आहे. मी सांगितलं. कोणी भरलं? मी सासूबाईंकडे बघितलं. का भरलं? तर आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, मी म्हटलं. एवढंच.

सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. कोळ्याला शोधणारे बाईंचे डोळे त्यांनी बघितले, आणि चित्र कुठे होतं ते त्या क्षणी त्यांना कळलं. त्या उठल्या, पुढे गेल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. जरीची साडी, नवऱ्याचं जॅकेट, कान धरलेले. ‘चूक माझी आहे,’ त्या मराठीत म्हणाल्या. ‘हिला काही माहीत नव्हतं. हिचा दोष नाही.’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं: त्या सॉरी म्हणतायत.

बाईंनी मान हलवली आणि वर्गाकडे वळल्या. आवाज पहिल्या वाक्याला थोडा हलला, मग लागला. त्या म्हणाल्या, आज आपण फार दुर्मिळ वस्तू बघणार आहोत, तपकीर असलेली तपकिरीची बाटली. आतून रंगवलेल्या बाटल्या बहुतेक नुसत्या बघण्यासाठीच घेतल्या जायच्या. या बाटलीत आजवर कोणी चिमूटभरही ठेवली नसेल. काचेने इतकी वर्षं इतकी सोंगं केली, आज पहिल्यांदा ती आपलं काम करते आहे. मग त्यांनी सासूबाईंपुढे बाटली धरली आणि कशी घेतात ते दाखवायची खूण केली.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, चाळीस वर्षांचं गुपित क्षणभर त्यांच्या ओठांवर आलं, आणि मग त्यांनी इवल्या चमच्याने चिमूटभर काढून अंगठ्यामागच्या खळग्यात ठेवली आणि सफाईने ओढली. शिंकल्यासुद्धा नाहीत. ड्रायव्हरसाहेब लगेच पुढे झाले, शिंकले, पुन्हा रांगेत उभे राहिले. सगळा वर्ग शिंकायला लागला. अधिकाऱ्याला नाही म्हणता आलं नाही; तो अकरा वेळा शिंकला, मी मोजलं, आणि दर शिंकेला त्याचं पेन कागदावर घसरत होतं. कोणीतरी हसायला लागलं आणि मग सगळेच हसले. बाईसुद्धा हसल्या. मला रडू येत होतं आणि शिंकांमुळे ते खपून गेलं.

बारा वाजता अधिकारी गेला. आम्ही बस स्टॉपवर उभ्या होतो तिथून हॉलची खिडकी दिसायची. बाई कोट घालून आत बसल्या होत्या, समोर बाटली. खुर्च्या लावत नव्हत्या. मला इतकी लाज वाटली की मी बसच्या नंबराकडे बघत राहिले.

ट्रस्टचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. विद्यार्थ्यांचा सहभाग ‘उत्कृष्ट’. त्याखालच्या चौकटीत, वास्तूमध्ये तंबाखूजन्य पदार्थांचं सामुदायिक सेवन झाल्याने वर्ग पुढे चालवता येणार नाही. नवऱ्याने ते दोनदा मोठ्याने वाचलं. ‘सामुदायिक सेवन? आई, काय केलंत तुम्ही नेमकं?’ सासूबाई म्हणाल्या, इथली हवाच मेली अशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रव्याचे लाडू केले आणि स्टीलच्या डब्यात घालून मला बाईंकडे पाठवलं. बाईंनी दारातच डबा घेतला, थँक्यू म्हणाल्या, आत बोलावलं नाही. माझंही कबूल करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, केलं नाही.

तीन आठवडे काही नाही. चौथ्या मंगळवारी सकाळी दहाला बेल वाजली. बाई दारात, हातात आमचा स्टीलचा डबा. स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या आणि डबा सासूबाईंपुढे सरकवला. सासूबाईंनी झाकण काढलं. कापसात ती बाटली होती. स्वच्छ, रिकामी, भरायला तयार.

‘तुमच्याकडे रिकामा परत करत नाहीत ना,’ बाई म्हणाल्या. ‘ही त्यांच्याकडे राहू दे. माझ्याकडे ती पुन्हा शोभेची होईल.’

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, ‘तुम्हाला दिलीय’ एवढं म्हणण्यासाठी. पण बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘त्या दिवशी वाळूचं मी बराच वेळ सांगत होते,’ त्या म्हणाल्या. ‘तू त्यांना चार शब्दांत उरकलंस. मी शिक्षक आहे गं, मागच्या बाकावरचंसुद्धा दिसतं मला. आणि त्या कान धरून उभ्या होत्या तेव्हाही त्या सॉरीपेक्षा जास्त बोलल्या होत्या. काय बोलल्या होत्या?’

मी सांगितलं. चूक माझी आहे. हिला काही माहीत नव्हतं. हिचा दोष नाही. मग मराठीकडे वळून मी सासूबाईंना बाईंचं पहिल्यापासून सगळं सांगितलं: डबा, बाटली, शोभा, चार शब्द, मागचा बाक. त्यातलं माझ्याबद्दलचं होतं तेही. सासूबाई ऐकून घेत होत्या आणि मान डोलवत नव्हत्या. सांगून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘तू कमी सांगतेस ते मला माहीत होतं.’

हेही मी बाईंना सांगितलं. मग चहा ठेवला. त्या दोघी बारा वाजेपर्यंत बोलत बसल्या आणि मी मध्ये बसून एकेक शब्द इकडून तिकडे करत राहिले.